सोमवारचा बिनभट्टीचा केक

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकून घ्या. माझ्या हातचा चॉकलेट केक खाऊन तुम्ही आज "वा वा" केलंत ना? याच केकनं एके काळी माझ्या जन्माचं वाटोळं करायला घेतलं होतं. पुरतं केलं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

तेव्हाची ऐरोली म्हणजे खाडी, मिठागरं आणि आमची चार आळ्यांची वस्ती. नवी मुंबई हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. मी गिरगावात मावशीकडे राहून शिवणकाम शिकून आले होते आणि येताना एक जास्तीची विद्या घेऊन आले होते, भट्टीशिवायचा केक. बिस्किटं कुटायची, लोणी, साखर, कोको घालून मळायचं, गुंडाळी करून बर्फावर ठेवायची. मावशीच्या शेजारची गोव्याची बाई त्यात काजू घालायची. उरणची माझी मैत्रीण सकीना खजूर घालायची. ऐरोलीनं काय घातलं, ते पुढे येईलच.

मला बघायला नावड्याचा मुलगा यायचा होता. शाळेत मास्तर. याआधी दोन स्थळं मला नाकारून गेली होती, म्हणून आईनं मला सोळा सोमवार धरायला लावले होते. पाहुणे यायचे तेही नेमके सोमवारी. आगऱ्याच्या घरात पाहुणा आणि ताटात मासळी नाही, मग छाप पाडायची कशानं? म्हटलं, केकनं.

आता घोळ बघा. आई मशेरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, तिची पूड करायची आणि दिवसभर बोटानं दाताला घासायची. घरात त्या वासाची इतकी सवय की नाकाला वेगळं काही कळायचंच नाही. माझा कोकोचा पहिला डबा संपला तेव्हा त्याचं घट्ट झाकण बघून आईनं तो मशेरीला घेतला. दुसरा, भरलेला डबा त्याच फळीवर शेजारी. अगदी जुळे भाऊ.

सकाळी मी केकला बसले. कोको जरा काळा वाटला. म्हटलं, मुंबईचा माल, असेल भारी. चव घ्यावी तर उपवास, आणि बिस्किट काही उपवासाला चालत नाही. बर्फ दादाच्या मासळीच्या पेटीतला. केकला मासळीचा वास लागेल या धास्तीनं मी वरून आणखी दोन चमचे कोको थापला.

इकडे ओसरीवर आई बोट घासून घासून हैराण.

"हिरे, आज मशेरी लागतच नाय गो. निस्ती माती."

"आई, पाहुणे येतील आता. दात नंतर घास."

देवानं मला तिथेच इशारा दिला होता. मी देवालाच गप्प बसवलं.

पाहुणे आले. मास्तर, त्यांची आई आणि काका. मी मान खाली घालून केकच्या चकत्या पुढे केल्या, मग मला खांबाला टेकून उभं केलं.

काकांनी पहिला घास घेतला आणि दुसरा न घेताच उठले. "जरा वारा हाय का बगतो भाईर." थोड्या वेळानं ते अंगणातल्या बाजेवर आडवे दिसले. मास्तरांनी भिडेखातर अख्खी चकती संपवली. कपाळावर घाम फुटला. मग उचक्या.

"कोनतरी आठवन काढतंय," आई म्हणाली.

कोण काढणार? लागला मासळीचा वास, गेलं तिसरं स्थळ. दादावर, बर्फावर, स्वतःवर, सगळ्यांवर मनातल्या मनात चिडून झालं.

तेवढ्यात मास्तरांच्या आईनं ताटली पुढे केली. "आजून हाय का?"

दिला. त्यांनी तो डोळे मिटून खाल्ला आणि पुन्हा मागितला. त्यांच्या काळ्या दातांकडे माझं तेव्हा लक्षच गेलं नाही.

"आमच्या पोराकडं बगा," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "तुमच्या पोरीवरनं नजर हटत नाय त्याची."

खरंच. मास्तर पापणी न हलवता बघत होते. मला आयुष्यात कुणी तसं बघितलं नव्हतं. तिथल्या तिथे सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर आईनं उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला. "अगो बाय, ही तं माजी मशेरी!"

मी आईच्या हाताशी असलेला डबा उघडला, तर आत माझा कोको. सांगणार कुणाला? सांगितलं तर ठरलेलं लग्न मोडतं.

नावड्याला सासरी मी खरा कोको घालून, जीव ओतून केक केला. सासूबाईंनी एक घास घेतला आणि ताटली सरकवली. "लग्नाआदी चांगला करायचीस. आता हात गेला तुजा." शेजारणींनाही त्या जन्मभर हेच सांगत राहिल्या.

तरी एक समाधान होतं. ती नजर. एके दिवशी धीर करून नवऱ्याला विचारलं, "अहो, बघायला आलात तेव्हा माझ्याकडे एवढं काय बघत होता?"

"तुझ्याकडं कुठं?" ते म्हणाले. "घर गरागरा फिरत होतं. तुझ्यामागचा खांब तेवढा जाग्यावर होता."

घ्या. सोळा सोमवार मी केले, आणि पसंत पडला खांब.