निम्म्यावर सुटलेलं कार्ड

"बँकेलासुद्धा मी निम्म्यावर आणलं," असं तो म्हणे, आणि ओठांत धरलेल्या चुकांमुळे, त्या बारीक खिळ्यांमुळे, ते वाक्य नेहमी दातांच्या फटीतून येई.

तो सोफे मढवायचा. कापड असो, काथ्या असो, समोरच्यानं सांगितलेला भाव त्यानं जन्मात दिला नव्हता. मान तिरकी करायची आणि म्हणायचं, "तुमचं नको, माझं नको, मधलं बोला." सहा वर्षांपूर्वी त्यानं शिलाई मशीन क्रेडिट कार्डावर घेतलं. धंदा बसला, कार्डाचे पैसे थकले. वसुलीवाल्यांशीही त्यानं घासाघीस केली. बँकेनं निम्मे घेऊन प्रकरण मिटल्याचं पत्र दिलं. ते त्यानं काचेच्या चौकटीत घालून दुकानात टांगलं. गल्लीनं त्याचं नाव ठेवलं निम्मेशेठ. त्याला ते शोभून दिसे.

आज तो मुलीबरोबर दुसऱ्या एका बँकेत बसला होता. मुलगी दुसऱ्याच्या दुकानात पगारावर चष्म्याचे नंबर काढायची. स्वतःच्या दुकानासाठी जागा बघितली होती आणि जागामालक पंधरा दिवसच थांबणार होता. कर्जाच्या अर्जावर दुसरी सही बापाची होती.

अधिकारी बाईंनी स्क्रीन वळवला. "काका, हे तुमचं जुनं कार्ड. कधी घेतलं, मर्यादा किती, शेवटचे पैसे कधी भरले, सगळं येतं रिपोर्टात. आणि हे महिने."

महिन्याला एक चौकोन. पहिले कोरे. मग तीस, साठ, नव्वद, एकशे वीस. इतके दिवस उशीर.

"ते मिटलंय," तो म्हणाला. "पत्र आहे माझ्याकडे. भिंतीवर लावलंय."

"मिटलं, पण 'बंद' असं नाही लागलं. इथं 'तडजोड' लिहिलंय. म्हणजे पूर्ण फेडलं नाही. तुमचं नाव जी बँक तपासेल तिला हेच दिसणार."

लोकांचे सोफे उसवले की आत काय काय निघतं हे त्याला ठाऊक होतं. केस, गोळ्यांची पाकिटं, वाळलेले डाग. तो ते न बघितल्यासारखं करून झाडून टाकी. ही बाई एकेक वाचून दाखवत होती. तेही मुलीसमोर.

"मग आता?" मुलीनं विचारलं.

"राहिलेले पैसे त्या बँकेत भरा, तसं पत्र आणा. नोंद बदलायला दोनेक महिने जातील. नाहीतर काकांची सही काढू. पण तुमच्या एकटीच्या पगारावर निम्मंच कर्ज बसेल."

निम्मं. त्यानं आपले हात टेबलाखाली घेतले. नखांत काथ्या होता.

मुलीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं मान तिरकी केली, अगदी त्याच्यासारखी, आणि लाडीगोडीनं म्हणाली, "मॅडम, तुमचं नको, माझं नको, मधलं बोला ना."

बाई हसल्या. "अहो, हे बाजारात चालतं."

मुलीचे कान लाल झाले.

त्यानं खुर्ची मागे सरकवली, आवाज होऊ नये म्हणून जरा उचलूनच, आणि तो बाहेर निघून गेला.