दर्यापूर एक

रेल्वेच्या टाईमटेबलावर माणुसकी चालवणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. राहणारे अकोल्याचे. अंगात काळा कोट, खिशात हिरवा रुमाल आणि काखेत ते टाईमटेबल. विद्यार्थ्याचं आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही. कुणी आपणहून सांगू लागला, तर हात वर करून म्हणत, "ते राहू दे. ठेसन सांग." मग जन्मभर त्याचं तेच नाव. आमच्यात एक बोरगाव होता, दोन कुरूम होते, पाच वेळा नमाज पढणारा एक मूर्तिजापूर होता. वरूडच्या पोरांना गाडीच नव्हती, म्हणून त्यांना सर 'मोटारस्टँड' म्हणत आणि ती बिचारी ओ देत.

पंगतही याच हिशेबानं बसे. पहिल्या पाटावर अकोला, म्हणजे स्वतः सर. मग बोरगाव, मूर्तिजापूर, तिथं गाडी बदलून दर्यापूर, असं करत बडनेऱ्यापर्यंत. सगळे बसले की सर हिरवा रुमाल हलवत आणि मगच वरण निघे. पिण्याच्या पाण्याचा माठ एक, ओगराळं एक. आचारी कुरकुरला, तर म्हणाले, "इंजिनं येगळी, म्हणून टाक्या येगळ्या पाह्यल्या का कुठं?" रमजानात मूर्तिजापूरचं ताट झाकून ठेवायला लावत आणि वर बजावत, "गाडी लेट हाये, रद्द नाही."

मी दर्यापूरचा. आमच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारून दोन वर्षं झाली होती आणि घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझा अर्ज आधी आला म्हणून मी 'दर्यापूर एक'. माझ्यामागून आमच्याच गावच्या पाटलांचा मुलगा आला. तो 'दर्यापूर दोन'. पहिल्याच दिवशी माझ्या शेजारचा पाट पाहून तो उभाच राहिला.

"सर, गावात याचा बाप आमच्या ओट्यावर चढत नाही. अन् मी इथं याच्या बाजूले बसू?"

"हे गाव नाही बा, गाडी हाये. गाडीत तिकीट पाह्यतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ताट उचललं. "सर, मी बाहेर बसून जेवतो," म्हटलं. त्या दिवशी ताट घेऊन बाहेर गेलो असतो, तर आठवड्याभरात ट्रंक घेऊन घरीच गेलो असतो. हे मला ठाऊक होतं. सरांनाही असावं.

"दर्यापूर एक, बैस खाली," ते म्हणाले. "तुह्यं ठेसन बी.ए. हाये. मधी उतरायचं नाही."

मी बसलो. पण रुमाल काही खिशातून निघेना. चाळीस ताटं रिकामी, वरण निवत चाललेलं आणि सर टाईमटेबल उघडून निवांत वाचत बसलेले. शेवटी मूर्तिजापूर ओरडला, "अरे पाटील, बैठ जा ना भाई! तेरे वास्ते पूरी लाईन जाम हो गई!"

पंगतभर हशा झाला. दर्यापूर दोन लाल होऊन बसला, पण आपला पाट वीतभर सरकवूनच. सरांनी ते पाहिलं आणि रुमाल हलवला. ती वीत कधी बुजली, आम्हा दोघांनाही कळलं नाही. दिवाळीनंतर एकदा त्यानं माझ्या ताटातला ठेचा न विचारता उचलला, तेव्हा ध्यानात आलं.

बी.ए.चा निकाल लागला आणि मी अकोल्याला गेलो. सर तोवर निवृत्त झाले होते. नजर अधू झाली होती, पण टाईमटेबल उशाशीच होतं.

"कोण हाये?"

"दर्यापूर एक, सर. उतरलो."

ते उठून बसले. मग आत हाक मारून दोन पाट मांडायला सांगितले, अगदी लागून. मी संकोचानं म्हणालो, "सर, अकोल्यानंतर तर बोरगाव येतं."

"ही मेल हाये बा," ते म्हणाले. चाचपडत त्यांनी खिशातून हिरवा रुमाल काढला. चुरगळलेला, रंग उडालेला. "मधी कुठंच थांबत नाही."

आजही पंगतीत बसलो की वाढप सुरू होण्याआधी माझे डोळे त्या रुमालाला शोधतात.