कानिफ टेलरचं बोट

आमच्या मालकांचं अंगठ्याशेजारचं बोट सगळ्या पाथर्डीला ठाऊक हुतं. कानिफ टेलर म्हणलं की कुनी शिवन इचारायचं न्हाई, कॅरम इचारायचं. लागोपाठ दोन साल नगरला जाऊन जिल्ह्याचा कप आनला हुता त्यांनी. लोक म्हनायचे, देवानं हात दिलाय. देवानं कशाचं डोंबल दिलंय! दुकान बंद केलं की एकच फटका शंभर-शंभर येळा मारायचे. कडेला चिकटलेली सोंगटी अलगद काढायची. चुकली की पुन्ना एकपासनं मोजायचं. भाकरी गार पडायची. मी करवादायचे, "त्या लाकडाशीच लगीन लावायचं हुतं की!"

त्यांनी कधी विळा धरला न्हाई, विहिरीचा दोर वढला न्हाई. बोट जरा सुजलं तरी सोंगटी चुकती, म्हनायचे. पानी मीच शेंदायचे. लई राग यायचा.

बाहत्तर साली पाऊस झाला न्हाई. कापड कोन शिवतंय? दुकानाला कुलूप लागलं आन आमी दोघं रस्त्याच्या दुष्काळी कामावर गेलो, तिथंच पाल ठोकून ऱ्हायलो. तिथली रीत ठरलेली. बाप्यानं हातोड्यानं खडी फोडायची, बाईनं पाटी वाहायची. पयल्याच दिवशी मालक हातोड्याकडं नुसते बघत ऱ्हायले. उन्हाळ्याच्या तोंडाला नगरचे सामने हुते. एका साखर कारखान्याच्या साहेबांनी शब्द दिला हुता, "तिसऱ्या सालीही जिंकून ये, कारखान्यात लावून घेतो. मग आमच्याकडून खेळायचं." जन्माची भाकरी त्या बोटावर आली हुती. मी हातोडा उचलला. म्हणलं, "घ्या पाटी डोक्यावर."

लोक लई हसले. भिमाजी मुकादम तर भर कामावर वरडला, "कानिफ, बांगड्या आनू का रं?" मालकांनी मान खाली घातली आन पाटी उचलली. बोटाला चिंधी गुंडाळून डाव्या हातानं पाटी धरायचे. मला भिमाजीचा न्हाई, मालकांचाच राग आला. एक शब्द तरी तोंडातनं काढावा मानसानं! पर सांजच्याला पालाम्होरं बोर्ड मांडून बसले की बघत ऱ्हावं वाटायचं. पावडर कवाच संपली हुती. धोतराच्या फडक्यानं बोर्ड घासायचे. दिवसभर वझं वाहून खांदे थरथरायचे, पर बोट हालायचं न्हाई. शंभर म्हंजे शंभर. तवा माझा राग जायचा.

सामन्याला चार दिस ऱ्हायले आन दगडाची कपची माझ्या डाव्या डोळ्यात घुसली. आई गं! म्होरं सगळं लालच लाल. मालक पाटी वतायला गेले हुते. मी पदर वढून घेतला. परत आल्यावर त्यांनी इचारलं, तर म्हणलं, "धूळ गेली जरा." ते पदराला हात घालाय लागले, मी झिडकारलं. खरं सांगितलं असतं तर हातोडा हिसकून घेतला असता त्यांनी, आन नगरला गेलेच नसते. डोळ्यावर वलं फडकं बांधून मी चार दिस खडी फोडली. राहीबाई नाव हाय माझं, हट्टाला पेटले की कुनाच्या बापाचं ऐकत न्हाई.

मालक जिंकून आले. हातात कप, खिशात कारखान्याची चिठ्ठी. फडकं वढून डोळा किती सुजला हुता त्ये बघितलं आन कप तिथंच खाली ठिवला. तसेच मला घेऊन पाथर्डीला डाक्टरकडं गेले. डाक्टर म्हणाले, "डोळा गेलाय. चार दिवस आधी का नाही आणलं?"

मालक माझ्याकडं बघत ऱ्हायले. चार दिस. त्यांनी मनात मोजलं आसंल.

पालावर आल्याबरुबर बोर्ड उचलला आन चुलीकडं निघाले. मी आडवी झाले. "खबरदार! बोर्ड जाळला तर माझा डोळा फुकट गेला. नोकरी हाय तवर खेळायचं. दर साली खेळायचं आन दर साली जिंकायचं. रोज शंभर मारायचे. एकबी कमी चालायचा न्हाई मला."

बोर्ड खाली ठिवून ते माझ्याम्होरं बसले. डाक्टरचं खोटं बी निघंल, अशी येडी आशा आसंल मानसाला. माझा चांगला डोळा डाव्या तळहातानं झाकला आन म्हणाले, "राही, किती बोटं हायती, सांग."

समदा अंधार हुता. पर ह्या मानसानं जलमभर एकच बोट जपलं, दुसरं कोंचं वर करनार?

म्हणलं, "एक."

ते हुंदके द्यायला लागले. मी त्यांचा तळहात बाजूला सारला. उजवा हात मांडीवरच पडला हुता, मूठ मिटलेली.