अक्कांचा कोपऱ्यावरचा गाळा

आर्किटेक्टची पदवी घेऊन मी नोकरी मागायला पहिल्यांदा बिल्डर सुमनअक्कांकडे गेले, तेव्हा त्या आष्ट्यात एका मोकळ्या प्लॉटवर, छत्री उघडून प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी नकाशांची फाइल पुढे केली. त्यांनी ती न उघडता शेजारच्या विटांवर ठेवली, दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "बस. दिवस मावळंपातुर रस्ता बघ. मग सांग काय दिसलं." मी पाटणची, उन्हापावसाची सवय होती, तरी ही मुलाखत नसून शिक्षा आहे असंच वाटलं.

संध्याकाळी मी वाहनं, वळण, दर्शनी बाजू असं कॉलेजात शिकवलेलं सगळं म्हणून दाखवलं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाजाराला आल्याल्या बायका बघितल्यास? एकबी निवांत थांबली न्हाई. पिशवी भरली की एसटीकडं पळती. का?" एसटी चुकेल म्हणून, मी म्हटलं. तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि तू सकाळधरनं पाणी का पिली न्हाईस?"

मला उत्तर कळलं आणि नोकरीही लागली.

अक्कांचे यजमान फौजेत सुभेदार होते. ते सरहद्दीवर असताना अक्कांनी वीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींतले रिकामे गाळे भाड्याने लावून दिले. कुठल्या गाळ्यात औषधाचं दुकान चालेल आणि कुठल्यात माश्या मारायची वेळ येईल, हे त्या पायरीवर उभ्या राहून सांगत. पन्नाशीत त्यांनी आष्ट्यातल्या त्या प्लॉटवर स्वतःचं पहिलं व्यापारी संकुल काढलं. निवृत्त सुभेदार साइटवर चहाचा थर्मास घेऊन येत आणि कुणी काही विचारलं तर सांगत, इथं ऑर्डर बाईसाहेबांची चालते, मी फक्त रसद पुरवतो.

या संकुलाच्या नकाशात कोपऱ्यावरच्या गाळ्याच्या जागी अक्कांनी बायकांसाठी स्वच्छतागृह काढायला लावलं. शेजारी लेकराला पाजायला एक छोटी खोली. मी म्हटलं, ते मागच्या बाजूला जिन्याखाली घेऊ. अक्का म्हणाल्या, "मागं, अंधारात, जिन्याखाली. तू जाशील?" मी निमूटपणे पेन्सिल उचलली.

खरी पंचाईत तात्यांनी केली. तात्या कापडाचे मोठे व्यापारी. कोपऱ्यावरचा गाळा त्यांना हवा होता आणि त्यांच्या शब्दावर आणखी सहा जणांनी गाळे धरले होते. मोक्याच्या जागेवर संडास बांधणारी बाई व्यापार काय करणार, असं ते गावभर बोलले. कोपरा दिला नाही तर सातही जण जाणार होते आणि तसं झालं असतं तर इमारत पहिल्या स्लॅबवरच थांबली असती. इतर बिल्डर त्याचीच वाट बघत होते. त्या आठवड्यात अक्का जेवता जेवता उठून हिशेबाची वही काढत, असं सुभेदारांनी मला हळूच सांगितलं.

अक्कांनी तात्यांशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, एवढा मोठा गाळा घ्यायचा, तर एकदा मालकिणीला जागा दाखवा. तात्या काकूंना घेऊन आले. अक्कांनी त्यांना खुर्चीत बसवलं, चहा दिला, ताक दिलं, पुन्हा चहा दिला. कुठे काय होणार हे इतकं सावकाश समजावलं की मलाही जांभया आल्या. शेवटी काकू अवघडून उठल्या आणि अक्कांच्या कानाशी लागल्या. अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सोय हितंच करायची हुती बघा काकू. पर तिथं आता तात्यांचा गाळा येणार हाय."

काकूंनी तात्यांकडे फक्त बघितलं. तात्यांनी शेजारचा गाळा घेतला.

आज त्या कोपऱ्यामुळे आसपासच्या गावांतल्या बायका तिथे थांबतात, आणि थांबलेली बाई तात्यांच्या दुकानात शिरतेच. कोपरा सोडायची कल्पना आपलीच होती, असं तात्या हल्ली सांगतात. अक्का त्यांना खोडून काढत नाहीत.

सांगलीत एका सत्कारात निवेदकाने अक्कांची 'महिला बिल्डर' अशी ओळख करून दिली. अक्का माइक हातात घेऊन म्हणाल्या, "आमची बिल्डिंग बघा आन् सांगा, बाईनं बांधली का बाप्यानं. सांगता आलं तर शाल परत देते." शाल अजून त्यांच्याकडेच आहे.

सहा वर्षांनी मी साताऱ्यात स्वतःचं ऑफिस काढायचं ठरवलं. अक्कांना सांगायचं मी चार दिवस पुढे ढकललं, मग एकदाचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, कुठल्या मजल्यावर? दुसऱ्या, म्हटल्यावर त्या रागावल्या, "गुडघं दुखणारी बाई जिना चढून येईल व्हय?" मग स्वतः साताऱ्याला आल्या, मी त्यांची भाची आहे असं घरमालकाला ठोकून दिलं आणि तळमजल्यावरची पुढची खोली मिळवून दिली.

मागच्या महिन्यात जवळच्याच एका नगरपरिषदेने नव्या मंडईसाठी आराखडे मागवले. मी पाठवला. अक्कांनीही पाठवला, हे मला निकालाच्या दिवशी कळलं. माझा निवडला गेला. दोन दिवस मला फोन करायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच आला.

"तुझा नकाशा बघून आले," अक्का म्हणाल्या. "माझ्यापरास चांगला हाय. लय राग आला."

तुमच्याकडेच शिकले, असं काहीतरी मी पुटपुटले.

"गप. भाजीवाल्या बायकांचा ओटा उंच घेतलास, त्यांच्या कमरंचा इचार केलास. त्ये मला सुचाय पायजे हुतं." मग म्हणाल्या, "पुढच्या कामाला तुला जिकू द्यायची न्हाई."

फोन ठेवून मी ऑफिसात पेढे वाटले आणि लगेच पुढच्या कामाच्या तयारीला बसले.