फळ्यावर आज काकीचं नाव होतं

माझ्यामुळे एक अख्खं शेत खारं झालं होतं. ज्या बाईचं ते शेत, ती आज पहाटे गेली.

जनाकाकी. वय तिलाही नक्की माहीत नव्हतं.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सात वर्षांपूर्वी मी डोंबिवलीतली नोकरी सोडून खाडीकाठच्या एका वस्तीवर राहायला गेलेले. बारा-तेरा जण. एकच स्वयंपाकघर, आपलं भात आपण पिकवायचं, कचरा शून्य. तीन महिन्यांत मी सस्टेनेबल लिव्हिंग शिकून परत येणार होते.

आई म्हणाली, "घरात एक कढीपत्ता जगवलास का कधी?"

जमीन काकीची. नवरा गेल्यावर तिने ती विकली नाही, वस्तीला कसायला दिली आणि स्वतःही तिथेच राहायला आली. मुलगा प्रकाशदादा खोपटला राहतो. त्याला हे अजिबात पटलं नव्हतं. तेव्हापासून आईशी कामापुरतं बोलायचा.

काकीची अट एकच. "मी मालकीन नाय. तुमच्यातलीच एक."

शेताला खाडीपासून वाचवतो तो मातीचा बांध. काकीच्या सासऱ्याच्या आजोबांनी घातलेला, कल्याणची आगगाडी नवी होती तेव्हा. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते. ती यायच्या आत बांधावरून फेरी मारायची आणि चिंबोऱ्यांनी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांनी, पोखरलेली बिळं चिखल-पेंढा कोंबून बुजवायची. पूर्वी ही फेरी घराघरांत वाटलेली असायची. आता वस्तीच्या फळ्यावर नावं असतात.

काकी पहिल्याच दिवशी म्हणालेली, "घरात लगीन असो का मयत, फेरी चुकवाची नाय."

वस्तीचाही एक नियम होता. प्रत्येक निर्णय एकमताने. एकानेही विरोधात हात वर केला तर काम थांबायचं.

हात मी वर केला.

मला येऊन महिना झाला होता. व्हिडिओ भरपूर पाहिले होते. मी सगळ्यांसमोर छोटंसं भाषण ठोकलं. चिंबोऱ्या इथे आपल्या आधीपासून आहेत, बिळं ही त्यांची घरं, आपण पाहुणे.

सगळे काकीकडे बघायला लागले. ती नाही म्हणाली असती तर मी मुकाट हात खाली घेतला असता.

ती म्हणाली, "एकीचा हात वर हाय ना? मंग नाय बुजवाची."

श्रावणातल्या अमावास्येला भर दुपारी बांध फुटला. आधी हाताएवढी धार, मग दाराएवढी वाट. काकी कमरेवर हात ठेवून बघत उभी होती.

चार दिवसांत भाताची पाती टोकांकडून पिवळी पडली. बियाणंही गेलं. ते खाऱ्या जमिनीतलं लाल भात, बाजारात मिळत नाही.

बाकीचे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. एकमताने.

मी बॅग भरली. काकी दारात आली. "कुठं चाललीस गो? बांध कोन घालनार?"

मग काय, घातला. दीड महिना चिखल उपसला. बियाणं तिने बहिणीकडून मागून आणलं. जमिनीतलं मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागले. तिन्ही पावसाळे मी तिथेच होते, आणि नंतरही.

एकदा विचारलं, "काकी, तुला माहीत होतं ना बांध फुटणार?"

"हां."

"मग गप्प का बसलीस?"

"मी बुजवली असती तर मना शिव्या घालून तू डोंबिवलीला गेली असतीस. एक साल भात गेला. बांध बघनारं मानूस मिळालं."

मला हे अजूनही पूर्ण पटलेलं नाही. तिने कुदळ उचलायला हवी होती. पण त्यानंतरच्या माझ्या फेऱ्यांपैकी एकही चुकलेली नाही, हेही खरं.

आज अमावास्या.

सकाळी अंगणात माणसं जमली. प्रकाशदादाही आला. मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले आणि फळा दिसला. आजच्या फेरीपुढे नाव होतं: जना.

परवा तिनेच लिहिलेलं. वस्तीवर आल्यावर ती तेवढंच लिहायला शिकली होती.

तिथे मात्र मला रडू आलं.

भरती साडेबाराला होती. पुरुषमंडळी स्मशानात गेली, मी कुदळ घेऊन बांधावर. तीन बिळं बुजवून झाली आणि मागे कुणीतरी आल्यासारखं वाटलं.

प्रकाशदादा. पंचातच, अनवाणी, स्मशानातून थेट. लांब रस्त्यावरून त्याची मामी ओरडत होती, "अरे, आंघोळ तरी कर!"

"आज आईची फेरी ना?"

"हो."

"मंग सरक."

त्याने कोपरापर्यंत हात घालून बिळाचं दुसरं तोंड कुठे निघतं ते चाचपलं. हे मला शिकायला दोन वर्षं लागली होती.

"लहान असताना तिच्यासंग यायचो," एवढंच बोलला.

एकूण अकरा बिळं निघाली. जमिनीचं पुढे काय, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाणी आलं, बांधाला लागलं, तासभर तसंच उभं राहिलं आणि परत गेलं.

स्वयंपाकघरात येऊन मी काकीच्या नावापुढे टिक केली. खाली पौर्णिमेची जागा रिकामी होती. प्रकाशदादाने चिखलाचे हात पंचाला पुसले आणि खडू मागितला.

शेत गोडं आहे, काकी. तू निवांत जा.