फ्लोरेन्समधली अनवाणी वाट

पाहुण्यांचा फ्लोरेन्सला कंटाळा आहे, आणि हे शहर तो लपवत नाही. जुन्या भागात बाक जवळजवळ नाहीत. पायरीवर टेकलं की कोणीतरी उठवायला येतं. गाड्यांना आत बंदी आहे, म्हणून बस शहराबाहेर उभी राहते आणि सगळं दगडी फरशीवरून चालत पाहावं लागतं. ज्याचे पाय धड नाहीत त्याचा विचार या शहराने केलेला नाही.

आमचा गट बुलढाणा जिल्ह्यातला होता. बियाण्यांचे दुकानदार, निवृत्त शिक्षक, त्यांच्या बायका. माझी मोठी बहीण अमडापूरला शिक्षिका होती. मधुमेहामुळे तिच्या तळपायांची जाणीव गेली आहे. आदल्या वर्षीची जखम कशीबशी भरली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा झाली तर पायाची खात्री नाही. ती घरातही मऊ तळाची खास चप्पल घालते. देवळात जाणं तिने सोडलं. रस्त्यावरूनच हात जोडते. गटात हे कोणाला माहीत नव्हतं. दुखणं चार लोकांत सांगायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त.

एका चर्चच्या दारात रखवालदाराने तिला अडवलं. साडीतून दिसणाऱ्या पाठीकडे बोट दाखवून झाकायला सांगितलं. तिने पदर ओढून घेतला. मी तेव्हा तिकिटांच्या रांगेत होतो. इतकं सोवळं पाळतात म्हणजे पायताणही चालणार नाही, असं तिने धरलं. इतक्या लांब येऊन रस्त्यावरूनच हात जोडणं तिला पटेना, म्हणून तिने चप्पल काढून खांबाशी नीट ठेवली आणि ती आत गेली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा चप्पल नव्हती. झाडूवाल्याची कचरागाडी चौकातून वळत होती. मी धावलो, बहीणही अनवाणी माझ्यामागे चौकाच्या टोकापर्यंत आली, पण गाडी गल्लीत दिसेनाशी झाली.

दुपारची फरशी तापलेली होती. मी बहिणीला परत आणून पायरीवर बसवलं. माझे बूट तिला मोठे. ते घासले असते आणि तिला कळलंही नसतं.

पुण्याचा टूर मॅनेजर झेंडी हलवत आला. "सर, बस थांबवता येत नाही, दंड पडतो. मॅडम, पंधरा मिनिटांचं तर अंतर आहे."

जळगाव जामोदचे एक दुकानदार हसले. "काऊन बसल्या बाई? आपल्या इकडं तं लोकं भर उन्हात अनवाणी जातेत देवाले."

"हाव, अन् हे तं फॉरेनचं पुण्य," त्यांची बायको म्हणाली.

बहीण उठायला लागली. "चाल रे. मले काही दुखून नाही राह्यलं."

"तेच तं म्हणतो ताई. तुले दुखतच नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात रखवालदार आला आणि उठा, उठा अशी खूण करू लागला. मी उठलो नाही. तो ओरडला. मीही मराठीत ओरडलो. दुकानदार म्हणाले, "तमाशा नका करू बे इथं, इज्जत जाते आपली."

त्यावर बहिणीने डावा पाय उचलला आणि तळवा त्यांच्यासमोर धरला. टाचेजवळ पांढरा फोड फुगला होता. चौकाच्या टोकापर्यंत जाऊन आल्याने एवढं झालं होतं.

"पाहून घ्या," ती म्हणाली. "मले पायातलं काही समजत नाही. आता सांगा, कोनाची इज्जत गेली?"

रखवालदाराने फोड पाहिला, आत गेला आणि चाकांची खुर्ची घेऊन आला. ती दाराआडच ठेवलेली होती.

रोम आम्ही हॉटेलच्या खिडकीतून पाहिलं. समोर दुसऱ्या हॉटेलची भिंत होती. मी सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग केलं. परतल्यावर बुलढाण्यात शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला, टाचेचा तुकडा काढावा लागला. ती आता काठी घेऊन चालते.

त्या सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजून फोटो येतात, पुढच्या वर्षी ग्रीसला जायचं चाललं आहे. मी ग्रुप सोडला. बहिणीने सोडला नाही. ग्रीसच्या प्रत्येक फोटोखाली ती एकच प्रश्न टाकते: इथे खुर्ची मिळते का?