बसस्टँडकडचा जिना

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. घरात कोणी विचारलं, "बाबा, चौकाखालचा तो सबवे तुम्हीच काढला होता ना?" की मी पाण्याचं सांगायचो. खणताना जुन्या केरेचं, म्हणजे तळ्याचं, पाणी कसं वर आलं, पंप कसे बंद म्हणून करता येईनात, भिंतींना डांबर कसं फासलं. मुलं मन लावून ऐकायची. पाणी संपलं की माझी गोष्टही संपायची. त्यात माणसं मी येऊच दिली नाहीत.

आता लिहायला बसलो त्याला कारण मागच्या महिन्यातलं एक लग्न. जेवताना माझ्या शेजारी चाळिशीतले एक गृहस्थ होते. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. ते आपल्या मुलाला सांगत होते, "आपलं बांगड्यांचं दुकान त्या शिंप्यानं बुडवलं. त्याचा मेव्हणा ऑफिसात होता, त्याला आतलं सगळं ठाऊक होतं. देवळात खोटी शपथ घेतली आणि सगळ्यांना बिळात नेऊन बसवलं." तो शिंपी म्हणजे माझे भावजी, अक्काचे यजमान. मेव्हणा मी. मी भात कालवत राहिलो. भावजींना जाऊन बरीच वर्षं झाली, अक्काही आता नाही, आणि त्या दिवशी खरं काय घडलं हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे.

आम्ही पेटेतले, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारवस्तीतले, मराठी शिंपी. किती पिढ्या इथं आहोत ते कोणी नीट सांगू शकत नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड. आईवडील लवकर गेले, म्हणून मी अक्काच्या सासरीच वाढलो. भावजी मला 'तम्मा' म्हणत, कन्नडमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं. त्यांना मूल नव्हतं. माझा शाळेचा सदरा त्यांनीच शिवला आणि पुढे ड्राफ्ट्समनच्या कोर्सलाही त्यांनीच घातलं. "रेघ तुझ्या हातात आहे," म्हणायचे, "कापडावर नको, कागदावर मार."

त्या चौकाच्या एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला बाजार आणि तिसऱ्या अंगाला बसस्टँड. पन्नासच्या दशकात, मी शाळेत असताना, बसस्टँडच्या जागी वाळलेल्या केरेचा खोलगट माळ होता. तिथं म्हशी चरायच्या, वर्षातून एकदा सर्कशीचा तंबू पडायचा. पुढं भर घालून तिथं बसस्टँड झालं आणि चौकात माणसांची इतकी गर्दी वाढली की रस्ता ओलांडणं अवघड होऊन बसलं. बसस्टँडसमोर रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या दुकानांची एक रांग होती. भावजींचं दुकान त्यातलं सगळ्यात जुनं. हेब्बाळकडची शेतकरी मंडळी लग्नाच्या कपड्यांसाठी बसमधून उतरायची ती थेट त्यांच्या फळीवर येऊन बसायची.

साठच्या दशकात चौकाखालून पायी जायचा रस्ता करायचं ठरलं आणि मी ज्या ऑफिसात नव्यानं लागलो होतो तिथंच त्याचे नकाशे तयार होऊ लागले. मांडणी साधी होती. चौकाच्या बरोबर खाली खांबांचं एक गोल दालन, त्यातून तीन बोळ निघालेले, आणि प्रत्येक बोळाच्या टोकाला वर जाणारा जिना. रेल्वेकडचा बोळ लांब आणि अरुंद. बाजाराकडचा आखूड, मोजक्याच गाळ्यांचा. बसस्टँडकडचा सगळ्यात रुंद, दोन्ही हातांना दुकानांचे गाळे. वरची रांग मोडायची आणि तिथल्या दुकानदारांना खाली गाळे द्यायचे, असं ठरलं होतं. तो मूळ नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं मीच काढला. त्याची एक निळी प्रत ऑफिसच्या परवानगीनं घरी आणून भावजींना दाखवली, तेव्हा त्यांनी ती गाद्यांच्या खाली घालून सपाट केली आणि दुकानात लावली.

बसस्टँडच्या बाजूला खणायला सुरुवात झाली आणि पाणी लागलं. माझ्या नेहमीच्या गोष्टीतलं पाणी ते हेच. महिना गेला तरी ते हटेना. मग एक दिवस मोठ्या साहेबांनी मला बोलावलं आणि ट्रेसिंगवरचा बसस्टँडकडचा जिना काढून टाकायला सांगितलं. कापडावरची शाई पुसली जात नाही, ब्लेडनं खरवडावी लागते. एकेक पायरी मी खरवडली, वरून खडूची पूड चोळली आणि बोळाच्या टोकाला एक जाड आडवी रेघ मारली. भिंत.

"जिना पुढच्या वर्षीच्या कामात घेऊ," साहेब म्हणाले. "पण वरची रांग रिकामी होईपर्यंत हे या खोलीबाहेर जाता कामा नये. ती माणसं हलायची नाहीत मग. तुमची ऑर्डर अजून टेंपररी आहे ना?"

"हो सर."

"मग झालं तर."

पुढच्या वर्षी जिना होणार यावर मी विश्वास ठेवला, असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगत होतो. साहेबांची बदली झाली, जिना कधीच झाला नाही, म्हणजे मलाही फसवलं गेलं, असं. ते खरं नाही. ब्लेड हातात होतं तेव्हाच मला कळलं होतं.

गाळे कोणी कुठला घ्यायचा हे दुकानदारांनी आपसात ठरवावं, असं ऑफिसनं सांगितलं. आमच्या समाजात जत्रेतल्या जागा वाटायची एक जुनी रीत होती. देवळाच्या अंगणात खडूनं जागांचा आराखडा काढायचा. ज्याचं दुकान सगळ्यात जुनं त्यानं आधी आपल्या पसंतीच्या चौकटीत विड्याचं पान आणि सुपारी ठेवायची, मग बाकीच्यांनी. ठेवलेलं पान उचलायचं नाही. रांगेत इतर जातींचेही दुकानदार होते, पण त्यांनाही ही रीत पटली. पहिलं पान भावजींचं. आणि आराखडा काढायला ड्राफ्ट्समन घरचाच होता.

रविवारी सकाळी सगळे जमले. मी गुडघ्यांवर बसून आधी गोल दालन काढलं, मग रेल्वेकडचा बोळ, मग बाजाराकडचा जिन्यासकट. बांगड्यांच्या दुकानाचे मालक माझ्या मागे उभे होते. त्यांचं तोंड सदा चालू.

"सरळ काढ रे बाबा. तुमच्या ऑफिसातले रस्ते तेवढे वाकडे असतात."

छत्र्या दुरुस्त करणारे एक म्हातारे अण्णा होते. ते म्हणाले, "मला वरच राहू द्या की. खाली ना ऊन, ना पाऊस. माझ्याकडे कोण येणार?"

"नाही कोणी आलं तर माझ्याकडे काजं करायला बसा," भावजी म्हणाले. सगळे हसले.

मी बसस्टँडकडचा रुंद बोळ काढला. दोन्ही बाजूंचे गाळे आखले. बोळाच्या टोकाशी माझा खडू थांबला.

आडवी रेघ मारली असती तर तेवढ्यानंच सगळं बाहेर पडलं असतं. काही न बोलता भावजींना डोळ्यांनी खुणावलं असतं तरी तेच. मेव्हणा ऑफिसात आहे म्हणून सगळ्यांचं लक्ष भावजींच्या पानाकडे होतं. त्यांनी बाजाराकडच्या गाळ्यात पान ठेवलं असतं तर सगळे समजायचं ते समजले असते आणि संध्याकाळच्या आत साहेबांच्या कानावर गेलं असतं. ते कोणी फोडलं हे शोधायला त्यांना कष्ट पडले नसते.

"थांबलास का?" बांगडीवाले म्हणाले. "खडू सरकारी आहे म्हणून जपून वापरतोस काय?"

"काढू द्या त्याला," भावजी म्हणाले. "घाई केली की कापड वाया जातं."

मी जिना काढला. एकेक पायरी नीट आखली, वर जाणारा बाण काढला आणि बाणाच्या टोकाला कन्नडमध्ये 'बसस्टँड' असं लिहिलं.

भावजी चप्पल काढून पुढे आले. जिन्याच्या पायथ्याशी उजव्या हाताच्या पहिल्या चौकटीशी वाकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तम्मा, इथं ठेवू?"

मी हो म्हणालो. "सरी, भावजी."

त्यांनी पान ठेवलं. शेजारच्या चौकटीत बांगडीवाल्यांनी ठेवलं, समोर छत्रीवाल्या अण्णांनी. बघता बघता तो बोळ हिरवागार झाला. बाजाराकडचे गाळे शेवटी ज्यांचा नंबर होता त्यांच्या वाट्याला गेले, आणि त्या बिचाऱ्यांची सगळ्यांनी समजूत घातली.

रांग मोडली. पावसाळ्याआधी सगळे खाली गेले. बोळाच्या टोकाला भिंत होती, तिच्यापुढे एक तट्टा लावला होता, आणि जिन्याचं काम बाकी आहे असं सगळे धरून चालले होते. बसमधून उतरलेली माणसं पूर्वीसारखीच वरून रस्ता ओलांडायची. त्या बोळात यायचं कोणाला कारणच नव्हतं, कारण तिथून पुढं जाता येत नव्हतं. भिंतीतून पाणी झिरपायचं. भावजींकडच्या लग्नाच्या कापडांना बुरशीचे ठिपके पडू लागले, तशी त्यांनी कापडं रोज घरी न्यायला सुरुवात केली, सकाळी परत आणायची. मी विचारलं तर म्हणायचे, "अरे, जिना झाला की वारा खेळेल."

माझी नोकरी दसऱ्याच्या सुमाराला पक्की झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बांगडीवाल्यांनी देवळात सगळ्यांना बोलावलं.

"टेलर मास्तर," ते भावजींना म्हणाले, "एक विचारतो, राग मानू नका. जिन्याचं काम काही सुरू होत नाही. तो होणारच नाही हे तुमच्या मेव्हण्याला आधीच ठाऊक होतं का?"

मी नळाजवळ उभा होतो. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत भावजी बोलले. मला बोलायला वेळ मिळाला नाही असं मी लिहू शकतो, पण मिळाला होता.

"माझ्या घरात वाढलेला मुलगा आहे तो," भावजी म्हणाले. "ठाऊक असतं तर मी पान ठेवतोय तिथं त्यानं खोटी रेघ मारली नसती." मग ते देवळाच्या पायरीपाशी गेले आणि उंबऱ्याला हात लावला. "ही माझी शपथ. त्याला ठाऊक नव्हतं."

बांगडीवाल्यांनी विषय तिथंच सोडला. भावजींच्या शब्दापुढे कोणी बोलत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात कंत्राटदाराची माणसं तो तट्टा काढून भिंतीला गिलावा करायला आली. छत्रीवाल्या अण्णांनी विचारलं, जिन्याचं काय? मुकादम हसला. ही भिंत तर आम्ही खणतानाच बांधलीय, म्हणाला, जिना कधीच रद्द झाला. तेवढं पुरेसं होतं. ज्यानं उंबऱ्याला हात लावला होता तो खोटा पडला. कोणी भांडलं नाही. बांगडीवाल्यांनी भावजींच्या फळीवर बसणं सोडलं. समाजातली लग्नाची शिलाई दुसऱ्यांकडे जाऊ लागली. पुढच्या जत्रेच्या वाटपात पहिलं पान ठेवायला भावजींना कोणी बोलावलं नाही. अक्का मात्र त्या दिवशी सकाळपासून नवं लुगडं नेसून बसली होती. दुपारी तिनं ते बदललं.

भावजींनी मला काही विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. वर्षभरानं गाळा सोडून ते घरीच शिवायला लागले. शेजारणींची पोलकी, मुलांच्या चड्ड्या.

साठचं दशक संपत आलं तेव्हा मी वेगळं बिऱ्हाड केलं होतं आणि मला बढती मिळाली. त्यांना कळलं तशी त्यांनी मला बोलावून घेतलं. "ऑफिसात आता तुला कोट लागेल. तो मी शिवणार."

मी वाक्य तयार करून गेलो होतो. बसमध्ये मनातल्या मनात घोकत होतो, देवळासमोरून जाताना पुन्हा एकदा घोकलं. अक्का स्वयंपाकघरात होती. भावजींनी मला खिडकीपाशी उभं केलं, टेप माझ्या गळ्याभोवती घेतली, मग छातीभोवती. माप ते तोंडानं बोलून लक्षात ठेवत होते, कारण लिहून घ्यायला आता कोणी नव्हतं.

"श्वास सोड," ते म्हणाले.

मी सोडला. त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं. भावजी, जिना नव्हता हे मला ठाऊक होतं. मी तो तुमच्यासमोर खोटा काढला, तुम्ही विचारलंत तेव्हा हो म्हणालो, आणि तुम्ही माझ्यासाठी शपथ घेतलीत तेव्हा गप्प उभा राहिलो. मला क्षमा करा. एवढंच होतं ते.

"काय रे?" ते म्हणाले. "काही म्हणतोयस?"

मी म्हणालो, "बाह्या स्वल्प लांब ठेवा."